अवधानाचीं साधनें

भोर व वेल्हें हे पुणें जिल्ह्याचे दोन तालुके इतिहासाच्या वाचकांस परिचित आहेत ते त्यांच्या किल्ल्यांमुळें. तोरणा, राजगड, रोहिडा आणि रायरेश्वराचें पठार हीं नांवें शाळेंतील मुलांस देखील पाठ असतात. भोर ही पंतसचिवांची राजधानी. तें संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. वेल्हें तालुक्यास तर आतां राजगड हेंच नांव मिळालें आहे. परंतु या मुलुखाची आणखी एक ओळख आहे, आणि तिचा तलवारीशीं कांहीं संबंध नाहीं. भोरच्या पूर्वेस, नीरेपलीकडे, शिरवळजवळच्या डोंगरांत बौद्ध भिक्षूंचीं साधीं, फारसें कोरीव काम नसलेलीं जुनीं लेणीं आहेत. भोरच्या पश्चिमेस, वरंधा घाट उतरला म्हणजे, शिवथरची घळ लागते. समर्थ रामदासांनीं तेथें बसून दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनीं तो लिहून घेतला अशी परंपरा आहे. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० सालीं ही घळ लोकांच्या नजरेस आणली. एका अंगास बुद्धाच्या अनुयायांची गुहा, दुसऱ्या अंगास रामदासांची, आणि मध्यें भोर. शतकांचें अंतर व मतांचा भेद कितीही असो, दोन्ही ठिकाणीं माणसें बसलीं तीं एका उद्योगासाठीं: भटकणारें मन धरून ठिकाणावर आणणें.

तोच उद्योग आज हाताच्या तळव्यावर मावूं लागला आहे. स्मार्टफोनवर ‘माइंडफुलनेस’ शिकविणारीं ॲपें निघालीं आहेत. फोन उघडावा, इअरफोन कानांत घालावा, डोळे मिटावे. एक सौम्य आवाज सांगतो कीं श्वासाकडे लक्ष द्या, विचार आला तर येऊं द्या, गेला तर जाऊं द्या. दहा मिनिटांनीं घंटा वाजते, आणि सलग सात दिवस बसलांत म्हणून फोन तुमचें अभिनंदन करतो. परीक्षेच्या धास्तीनें झोंप उडालेला विद्यार्थी, रात्रपाळीवरून परतलेला कारखान्यांतील कामगार, मुलें दूरदेशीं गेल्यावर पहांटे तीन वाजतां रिकाम्या घरांत जागी होणारी आई, असे सर्व प्रकारचे लोक त्यांचा आश्रय करितात. ज्यांस इंग्रजीचा कंटाळा आहे त्यांच्यासाठीं हिंदी व मराठी आवाज आहेत. ज्यांस श्वासापेक्षां नाम जवळचें वाटतें त्यांच्यासाठीं जप मोजणारीं आणि हरिपाठ ऐकविणारीं ॲपें आहेत. सामान्य मनुष्य या दोहोंत शास्त्रीय भेद करीत बसत नाहीं. त्यास रात्रीं झोंप हवी असते आणि दिवसा धीर हवा असतो.

या वस्तूची थट्टा करणें सोपें आहे, आणि तिच्यावरून आरती ओवाळणें त्याहून सोपें आहे. आम्हांस यांपैकीं कांहींच करावयाचें नाहीं. मन स्थिर करण्यासाठीं आपल्या लोकांनीं जीं बाह्य साधनें वापरलीं, त्यांच्या मालिकेंत हें नवें साधन कोठें बसतें व कोठें बसत नाहीं, एवढेंच येथें पाहावयाचें आहे. घराघरांतील तरुण मुलें आपल्या अस्वस्थतेवरचा उपाय ज्या वस्तूंत शोधूं लागलीं आहेत, तिची वंशावळ वडील माणसांस ठाऊक असणें इष्ट आहे.

माइंडफुलनेस हा शब्द परका दिसतो. त्यामागचा मूळ शब्द मात्र आपल्याच घरचा आहे. पालि भाषेंत तो ‘सति’ आणि संस्कृतांत ‘स्मृति’. टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स हे सिलोनांत मुलकी नोकरीवर असतां पालि शिकले. पुढें १८८१ सालीं त्यांनीं बौद्ध सुत्तांचें जें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें त्यांत सम्यक् स्मृतीसाठीं हा प्रतिशब्द योजिला, आणि तो रूढ झाला. स्मृतीचा सरळ अर्थ आठवण. आतां वाचक विचारील कीं, आत चाललेल्या श्वासाकडे पाहण्यांत आठवणीचा संबंध काय? बौद्ध ग्रंथांतील एका दृष्टांतांत याचें उत्तर आहे. स्मृति म्हणजे वेशीवरचा द्वारपाल; ओळखीच्यास तो आंत घेतो, अनोळख्यास अडवितो. द्वारपालानें केवळ जागें असून भागत नाहीं. आपला कोण व परका कोण याची त्यास आठवण असावी लागते. सतिपट्ठान सुत्तांत शरीर, वेदना, चित्त आणि धर्म अशीं लक्ष ठेवण्याचीं चार स्थानें सांगितलीं आहेत, तीं देखील एका हेतूच्या आठवणीनें बांधलेलीं आहेत: दुःखाचें मूळ ओळखावें व तें उपटून टाकावें.

शिवथरच्या घळींतील ग्रंथाकडे वळलों तर तोच शब्द पुन्हां भेटतो. वीस दशकांच्या दासबोधांत चौथें दशक नवविधा भक्तीचें आहे, आणि त्यांतील तिसरा समास स्मरणभक्तीचा. भिक्षु अनित्यतेचें स्मरण करी, रामदासी रामाचें करी. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनें हे दोन मार्ग एकमेकांपासून फार दूर आहेत. पण स्मरणास कांहीं विषय असतो आणि कांहीं हेतु असतो, याविषयीं दोघांचें एकमत होतें. नुसत्या एकाग्रतेस त्यांनीं फारशी किंमत दिली नसती. जुगारी एकाग्र असतो, शिकारी एकाग्र असतो, आणि पाण्यांत एका पायावर उभा असलेला बगळा तर सर्वांहून एकाग्र असतो. मराठींत ‘बकध्यान’ हा शब्द उगाच रूढ झाला नाहीं.

ही बौद्ध विद्या अर्वाचीन महाराष्ट्रास पुन्हां मिळाली ती एका गोमंतकीय गृहस्थाच्या वेडामुळें. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ सालीं साष्टींतील सांखवाळ येथें झाला. बुद्धाचा धर्म मुळापासून शिकावा म्हणून त्यांनीं घर सोडलें. काशींत संस्कृत शिकून ते नेपाळांत, सिलोनांत व ब्रह्मदेशांत गेले. १९१२ पासून १९१८ पर्यंत ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत पालि शिकवीत होते. बुद्धघोषाचा ‘विसुद्धिमग्ग’ हा पांचव्या शतकांतील ग्रंथ संपादण्याच्या कामीं त्यांस अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठानें बोलाविलें होतें. वॉरन यांनीं आरंभिलेली ती आवृत्ति कोसंबींच्या मृत्यूनंतर, १९५० सालीं, बाहेर पडली. या ग्रंथांत श्वास मोजण्याचा विधि दिला आहे. मोजणी पांचांच्या आंत थांबवूं नये आणि दहांच्या पुढें नेऊं नये, इतका बारीक नियम तेथें आहे. आज फोनमधला आवाज जेव्हां ‘एक ते दहा मोजा, आणि पुन्हां एकपासून सुरुवात करा’ असें सांगतो, तेव्हां दीड हजार वर्षांपूर्वींच्या या नियमाची ती नकळत केलेली उजळणी असते.

आतां साधनांकडे पाहूं. मनास बाहेरचा आधार लागतो हें आपल्या पूर्वजांस पक्कें ठाऊक होतें. ‘आमच्या वेळीं यंत्रें नव्हतीं, आम्ही मनोबळावर ध्यान करीत होतों’ ही बढाई इतिहासास धरून नाहीं. काळ मोजण्यास घटिकापात्र होतें. बुडाशीं बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडावी; ती भरून बुडाली कीं एक घटका, म्हणजे आपलीं चोवीस मिनिटें, झाली. नाम मोजण्यास १०८ मण्यांची माळ होती, आणि मेरुमणि ओलांडूं नये असा दंडक होता. रामदासांनीं टाकळी येथें बारा वर्षांत तेरा कोटी जप केला ही परंपरा मानणारा समाज मोजदादीस तुच्छ लेखीत होता असें कोण म्हणेल? तेव्हां फोन दिवस मोजतो, मिनिटें मोजतो, म्हणून त्यास नाक मुरडण्याचें कारण नाहीं. मोजणें हें साधकाचें जुनेंच व्यसन आहे.

परंतु या सर्व साधनांत आम्हांस सर्वांत बोलकें वाटतें तें भोर-वेल्ह्याच्या गांवांत, आणि एकंदर महाराष्ट्रांत, आजही दृष्टीस पडणारें एक साधन. तें म्हणजे अखंड हरिनाम सप्ताहांतील वीणा. सात दिवस व सात रात्रीं ही वीणा खालीं ठेवावयाची नसते. गांवकरी आपापसांत वेळ वांटून घेतात. एकाचा पहारा संपला कीं दुसरा उभा राहतो, पहिल्याच्या गळ्यांतील वीणा आपल्या गळ्यांत घेतो, दोघे एकमेकांच्या पायां पडतात, आणि नाम पुढें चालू राहतें. यास ‘पहारा’ हाच शब्द आहे हें लक्षांत घेण्यासारखें आहे. बौद्धांचा द्वारपाल येथें वेगळ्या वेषांत उभा आहे. मध्यरात्रीं दोन वाजतां पहाऱ्यावर असलेल्या शेतकऱ्याचें चित्त सर्वकाळ नामांत असतें असें आम्ही म्हणत नाहीं. तें कदाचित् बैलाच्या दुखऱ्या खुराकडे जात असेल, कदाचित् मुंबईस हमाली करणाऱ्या भावाकडे. पण वीणा गळ्यांत आहे, आपल्यामागून उभा राहणारा शेजारी जवळच घोंगडीवर पडला आहे, आणि आपण झोंपलों तर गांवाचें नाम खंडेल, ही जाणीव त्यास पुन्हां पुन्हां ठिकाणावर आणते. येथें एकाचें अवधान दुसऱ्यांनीं सांभाळलें आहे. सप्ताह संपतो तो काल्याच्या कीर्तनानें आणि गांवजेवणानें.

विसाव्या शतकांत या मालिकेंत यंत्राचा प्रवेश झाला, आणि तो प्रथम आमच्याच जिल्ह्यांत लोणावळ्यास झाला ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं तेथें कैवल्यधाम स्थापिलें आणि ‘योगमीमांसा’ नांवाचें त्रैमासिक काढलें. प्राणायामानें व आसनांनीं शरीरांत काय घडतें हें क्ष-किरणांनीं व दाबमापकांनीं पाहावें, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. साधकाच्या अनुभवास प्रयोगशाळेच्या कांट्यावर तोलतां येतें, ही कल्पना तेथून पुढें सर्वत्र पसरली. मनगटावरील घड्याळांत आज जी नाडी मोजली जाते, ती या घराण्याची धाकटी नात होय.

यंत्राचें दुसरें कार्य आवाज वाहून नेण्याचें. पुणें आकाशवाणी केंद्र १९५३ सालीं सुरू झालें, आणि १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर दर आठवड्यास गीतरामायणाचें एक गीत तेथून प्रसृत होऊं लागलें. माडगूळकरांचे शब्द आणि फडक्यांचा स्वर यांनीं ५६ गीतांत जें घडविलें त्याची कथा प्रत्येक मराठी घरास माहीत आहे. लोक ठरल्या वेळीं रेडिओभोंवतीं जमत. कित्येक ठिकाणीं यंत्रास हार घालीत. ज्या भोरच्या राजवाड्यांत पंतसचिवांच्या काळापासून रामनवमीचा उत्सव थाटानें होत आला, त्या गांवास रामजन्माचा सोहळा यंत्रांतूनही ऐकूं येऊं लागला. यंत्र आलें म्हणून एकत्र बसणें मोडलें नाहीं. एक आवाज, एक वेळ, आणि ऐकणारे अनेक, अशी ती रचना होती.

पुढचा टप्पा ध्वनिफितीचा. सत्यनारायण गोयंका हे मंडाले येथें १९२४ सालीं जन्मलेले व्यापारी. रंगूनमध्यें ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल राहिलेले ऊ बा खिन यांजकडून ते विपश्यना शिकले. जुलै १९६९ मध्यें मुंबईस त्यांनीं हिंदुस्थानांतील पहिलें शिबिर घेतलें आणि १९७६ पासून इगतपुरीचें धम्मगिरि केंद्र सुरू झालें. शिबिरें वाढलीं तेव्हां गुरूचा आवाज फितीवर घेण्यांत आला. साहाय्यक आचार्य समोर बसत, सूचना फितींतून येत. गोयंका २०१३ सालीं वारले. त्यांचा आवाज अद्याप शिबिरार्थींस शिकवीत आहे. पुण्यास १९७४ नंतर कोरेगांव पार्कमध्यें रजनीशांच्या आश्रमांत साठ मिनिटांचें ध्यान संगीताच्या तुकड्यांवर पांच भागांत बसविलेलें होतें. तिकडे अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयांत जॉन कबात-झिन यांनीं १९७९ सालीं जुनाट दुखण्यांनीं गांजलेल्या रोग्यांसाठीं कांहीं आठवड्यांचा क्रम आंखला, आणि घरीं सरावासाठीं रोग्यांस ध्वनिफिती दिल्या. धर्माचें नांव न घेतां सति रुग्णालयांत शिरली ती येथून.

यानंतर ॲप येण्यास फारसा अवकाश नव्हता. इंग्लंडांतील अँडी पुडिकॉम्ब हे कांहीं काळ तिबेटी परंपरेंत भिक्षु होते. त्यांच्या ‘हेडस्पेस’ कंपनीनें २०१२ सालीं ॲप काढलें. प्रारंभींचा धडा दहा दिवस, रोज दहा मिनिटें. ‘काम’ या दुसऱ्या प्रसिद्ध ॲपाची कंपनीही त्याच वर्षांतली. आपल्या देशांत सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झालें, आणि जी वस्तु शहरांतील थोड्यांची होती ती तालुक्याच्या गांवांत पोंचली. २०२० सालच्या टाळेबंदींत, माणसें घरांत कोंडलीं गेलीं तेव्हां, या ॲपांस जगभर भरती आली.

त्यांचा उपयोग होतो काय? न्यायबुद्धीनें पाहिलें तर उत्तर मिश्र आहे. कबात-झिन यांच्या क्रमावरून निघालेल्या उपचारपद्धतीनें वारंवार येणाऱ्या विषण्णतेची उलट कांहीं रोग्यांत टळते, असें २००० सालापासूनच्या चाचण्यांनीं दाखविलें आहे. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु तेथें शिक्षक असतो, गट असतो, आणि आठ आठवडे येण्याची बांधिलकी असते. २०२२ सालीं ब्रिटनमधील एका मोठ्या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर तो झाला होता. वर्गांत माइंडफुलनेस शिकविल्यानें मुलांची मानसिक स्थिति नेहमींच्या शिक्षणाहून अधिक सुधारली असें आढळलें नाहीं, आणि बहुतेक मुलांनीं घरीं सराव केलाच नव्हता. ॲपांची कहाणी याहून उघड आहे. मानसिक आरोग्याच्या ९३ ॲपांची पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. घेतल्यापासून तीस दिवसांनीं तीं उघडणाऱ्यांचें मध्यम प्रमाण शेंकडा ३.३ इतकेंच निघालें. म्हणजे शंभर जणांनीं आरंभ केला तर महिन्याअखेर तीन-चार जण उरतात. वीणेच्या पहाऱ्यावरून इतके लोक निघून गेले असते तर सप्ताह पहिल्या रात्रींच मोडला असता.

आमच्या मतें यांतच खरा भेद आहे. माळ खुंटीस टांगली म्हणजे ती गप्प असते. घटिकापात्र बुडाल्यावर तुम्हांस आणखी एक गोष्ट दाखवूं कां म्हणून विचारीत नाहीं. वीणा दुसऱ्याच्या गळ्यांत गेली कीं आपण मोकळे. फोन हा मात्र असा एकच पुजारी आहे कीं जो देवळांत बसवितो आणि त्याच वेळीं बाजारांतून हांका मारतो. ज्या काचेवर श्वास पाहावयाचा, त्याच काचेवर मित्राचा निरोप, क्रिकेटची धांवसंख्या आणि कर्ज देणाराची जाहिरात येऊन उभी राहते. २०१० सालीं दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं फोनवरूनच २,२५० माणसांस वेळीअवेळीं विचारलें कीं, या क्षणीं तुमचें मन हातच्या कामावर आहे काय. जवळजवळ ४७ टक्के वेळां मन दुसरीकडेच होतें, आणि मन भरकटलें असतां माणसें अधिक दुःखी होतीं. हा शोध ज्या यंत्रानें लावला तेंच यंत्र पुढें भरकटण्याचें मुख्य साधन व्हावें, हा काळाचा विनोद होय.

बौद्ध ग्रंथांत तेलाच्या पात्राचा दृष्टांत आहे. कांठोकांठ भरलेलें पात्र घेऊन मनुष्यास गर्दींतून जावयाचें आहे. एका बाजूस देशांतील सर्वांत सुंदर नर्तकी नाचत आहे. आणि थेंब सांडला तर मागून तलवार घेऊन येणारा त्याचें डोकें उडविणार आहे. या दृष्टांतांत पात्र निराळें आहे आणि नर्तकी निराळी आहे. आज आम्ही तरुणांच्या हातांत असें पात्र दिलें आहे कीं ज्यांत नर्तकीही राहते. इगतपुरीस शिबिराच्या आरंभीं फोन काढून ठेवावयास लावितात. त्या जुन्या शहाणपणाचें मर्म हेंच आहे.

दुसरा भेद याहून खोल आहे. ॲपानें तंत्र उचललें, स्मरणाचा विषय मात्र रिकामा सोडला. कशाची आठवण ठेवावयाची, हें तो सांगत नाहीं. सर्व मतांच्या गिऱ्हाइकांस तो विकावयाचा असल्यामुळें त्यास सांगतांही येत नाहीं. ही रिकामी जागा मग ज्याच्या त्याच्या मालकाच्या सोयीनें भरते. कचेरींत बारा तास राबविणारा मालक नोकरांस ध्यानाचें ॲप भेट देतो, आणि कामाचे तास कमी करण्याचा प्रश्न श्वास मोजण्यांत विरून जातो. बेकार पदवीधरास सांगण्यांत येतें कीं तुझी चिंता ही तुझ्या मनाची संवय आहे. भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ गांवांतून पुण्याच्या खोल्यांत येऊन स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करणारीं कितीएक मुलें दरवर्षीं आमच्या दृष्टीस पडतात. जागा थोड्या, उमेदवार अनेक, घरचा पैसा संपत आलेला, आणि वय वाढत चाललेलें. या मुलांची रात्र जड जाते यांत त्यांच्या अवधानाचा दोष किती आणि परिस्थितीचा किती? दहा मिनिटांचा श्वास त्यांस उद्यांच्या पुस्तकापर्यंत पोंचवील, आणि तेवढ्यापुरते त्याचे उपकार आहेत. पण भय खरें असतां तें केवळ मनाचा खेळ आहे असें समजाविणें, हा द्वारपालास झोंपविण्याचाच प्रकार होय. द्वारपालाचें काम आलेल्यास ओळखण्याचें आहे. जो खरा संकटाचा दूत आहे त्याचा निरोप त्यानें आंत पोंचविला पाहिजे.

याचें एक उदाहरण देतों. या ॲपांत निजतांना ऐकण्यासाठीं पावसाचा आवाज मिळतो. शहरांतील माणूस दारें लावून तो ऐकतो व त्यास झोंप लागते; त्यांत वाईट असें कांहींच नाहीं. परंतु तोरण्याच्या व राजगडाच्या पायथ्याशीं, जेथील कित्येक वाड्यांत फोनला ‘रेंज’ देखील धड मिळत नाहीं, तेथें खरा पाऊस आषाढांत कौलांवर कोसळतो तेव्हां घरांतील कर्ता मनुष्य जागा राहतो. भाताचीं रोपें तरतील कीं वाहून जातील, ओढा रस्त्यावर येईल कीं काय, वरंधा घाटांत दरड कोसळून वाट बंद होईल काय, हें तो त्या आवाजांतून ऐकत असतो. आवाज एकच, एकास तो झोंप आणतो, दुसऱ्यास जागें करतो. सम्यक् स्मृति या दोघांपैकीं कोणाजवळ अधिक आहे, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

मग करावें काय? फोन फेंकून देऊन गुहेंत जाण्याचा उपदेश आम्ही करणार नाहीं. गुहांत गेलेले लोक देखील भिक्षेसाठीं गांवांत उतरत होते. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ॲप वापरावें तें घटिकापात्रासारखें. त्यानें वेळ मोजावी, सुरुवातीस हात धरावा आणि मग गप्प बसावें; बाकीचीं सर्व द्वारें त्या वेळेपुरतीं बंद असावीं. जें त्यास देतां येत नाहीं तें इतरत्र मिळवावें. घरांत रोज एक घटका, हातांत फोन नसतां, सर्वांनीं एकत्र बसण्याचा परिपाठ ठेवतां येईल. मग तेथें हरिपाठ होवो, एखाद्या ग्रंथाचें वाचन होवो, नाहींतर नुसतें मौन असो. आणि मुलगा किंवा मुलगी कित्येक आठवडे झोंपत नसेल, जेवत नसेल, जगण्याचा वीट आल्याचें बोलत असेल, तर त्यास ॲप सुचवून आपण आपल्या कामास लागूं नये. तें दुखणें आहे, आणि त्यास डॉक्टर पाहिजे. सरकारनें ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही फोनवरील सेवा १४४१६ या क्रमांकावर चालविली आहे. फोनचा हा उपयोग कोणत्याही ध्यानाहून त्या घटकेस श्रेष्ठ आहे, कारण तेथें पलीकडे मनुष्य असतो.

शिरवळच्या भिक्षूंनीं खडक खोदून आपलें अवधान राखलें, शिवथरच्या घळींत तें ग्रंथांत ओतलें गेलें, आणि सप्ताहांतील शेतकऱ्यानें तें शेजाऱ्याच्या गळ्यांत वीणा घालून राखलें. साधनें बदलत गेलीं आणि पुढेंही बदलतील. रात्रीं आपला पहारा संपतांना वीणा घ्यावयास कोणीतरी उठून येतो, हा भरंवसा मात्र कोणत्याही यंत्रास अद्याप देतां आलेला नाहीं. तो घरांनीं व गांवांनींच द्यावयाचा आहे.